जिभेचा रुबाब

मिसळीवर वरून आणखी कट मागणाऱ्या माणसाला भूक नसते, त्याला प्रेक्षक हवे असतात. पुण्याचा पाहुणा समोर असला की मी पाव बाजूला सारतो, नुसता कट चमच्याने पितो, पापणी लवू देत नाही. पाहुण्याच्या कपाळावर घाम फुटला की अगदी सहज विचारतो, "जास्त झालं का? दही सांगू?" कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाकडे मिरवायला एवढं तरी असावं.

या रुबाबाला सुरुंग लावला तो डेव्हिड ज्यूलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाने. मिरचीतलं कॅप्सेसिन शरीरात नेमकं कुठे जाऊन लागतं, हे त्याच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेने १९९७ साली दाखवलं, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला. तिखट ही मुळात चवच नव्हे. गोड, आंबट, खारट, कडू, उमामी यांची दखल स्वादकलिका घेतात. तिखट त्यांच्या खात्यातच येत नाही. ते जातं वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या मज्जातंतूंकडे. त्यांच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा रिसेप्टर असतो. साधारण ४३ अंशांना तो उघडतो आणि मेंदूला 'भाजलं' म्हणून कळवतो. कॅप्सेसिन चिकटलं की तो थंड तोंडातही उघडतो. मेंदू बिचारा ती तक्रार खरी मानतो, घाम काढतो, नाक-डोळे वाहवतो. वर, रोज तिखटाचा मारा झाला की हा रिसेप्टर हळूहळू दाद देईनासा होतो. म्हणजे ज्याला मी शौर्य समजत होतो तो बधिरपणा निघाला.

हेही सोसलं असतं. पण खरी अब्रू घेतली ती पोपटाने. पक्ष्यांमध्येही हाच रिसेप्टर असतो, फक्त त्याची घडण जराशी वेगळी, त्यामुळे कॅप्सेसिनची त्याला खबरच लागत नाही. पोपट लवंगी मिरची पेरूसारखी खातो, आणि खाताना कुणी बघतंय का हे पाहत नाही! रानमिरचीचा तर सगळा कारभारच पक्ष्यांच्या भरवशावर. आपल्यासारख्यांच्या दाढा बी चिरडून टाकतात. पक्ष्यांच्या पोटातून ते धड बाहेर पडतं आणि लांब कुठेतरी रुजतं. दाढावाल्यांना लांब ठेवण्यासाठीच मिरचीने हा जाळ बाळगला असावा, असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत. अमेरिका खंडात तिने लावलेली ही 'प्रवेश बंद'ची पाटी पोर्तुगीजांच्या जहाजातून इकडे आली आणि आम्ही ती मानपत्र म्हणून वाचत बसलो. शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यातल्या पोपटाकडे हल्ली मला बघवत नाही. त्याला दही विचारायचीही सोय नाही.

हाच रिसेप्टर हातांच्या कातडीतल्या मज्जातंतूंवरही असतो, हे वाचलं आणि हसू जरा थांबलं. दर उन्हाळ्यात आई संकेश्वरी आणि ब्याडगी निवडायला बसायची, देठं काढायची, मिरची डंकावर नेऊन कुटून आणायची. रात्री हातांची आग. कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं; ही गोष्ट तिला पुस्तकाशिवाय ठाऊक होती. खोबरेल चोळायची, पुसायची, पुन्हा चोळायची, तरी उशिरापर्यंत तळवे फुंकत बसायची. जिभेची बहादुरी पुरुषांकडे आणि हातांची आग बायकांकडे, अशी आमच्या घरातली वाटणी. वडील पहिल्या घासाला म्हणायचे, "यंदाचा मसाला जरा मवाळ झालाय." काका मान डोलवायचे. ती डोललेली मान आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

परवा आईला नोबेलची हकीकत सांगितली.

"मिरचीनं आग होते म्हणून बक्षीस?"

"आग होत नाही गं, भास होतो. मज्जातंतू फसतात."

तिने आधी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भास होय? बरं झालं सांगितलंस. चार किलो मिरची आलीय. देठं काढायला यंदा तूच बस की."

औषधाच्या दुकानात रबरी हातमोजे मागितले. दुकानदार मिसळीच्या टेबलावरचा, माझा लौकिक जाणून असलेला.

"कशाला लागले?"

"बागकामाला," मी म्हणालो.