व्याकरणानं पोट भरतं

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत एक प्रश्न जिन्यावरून वर-खाली फिरत राहतो. यंदा तो तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या वाट्याला आलाय. तिला जर्मन घेऊन बीए करायचंय. आठवीपासून शाळेत जर्मन शिकलेली, कानाची तयार पोरगी. घरच्यांना बीबीए हवंय. आजी, मामा, मामाचे ऑफिसातले मित्र, सगळे तिला एकच विचारतात, "भाषा शिकून पोट भरतं का गं?"

भरतं. मी तिच्या वतीनं सांगते.

व्यापार कळणाऱ्यांनी भाषेला कधीच कमी लेखलेलं नाही. ईस्ट इंडिया कंपनी नफ्यासाठी आली होती, पुण्य करायला नव्हे. त्याच कंपनीच्या राजवटीत, १८०० साली, गव्हर्नर जनरल वेलस्लीनं कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. नव्या गोऱ्या अधिकाऱ्यांना तिथे प्रामुख्यानं इथल्या भाषा शिकवल्या जात. तिथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. हा मोल्सवर्थ कंपनीच्या फौजेतला अधिकारी. त्याचा कोश आजही आपले अभ्यासक उघडतात. आपल्यावर राज्य करायला बसलेल्या माणसांना आपली क्रियापदं पाठ करावी लागली. आपल्याच मुलीनं जर्मन क्रियापदं पाठ केली, तर ती पोटापाण्याची कशी नाहीत?

आता पुण्याजवळच्या चाकणला चला. फोक्सवॅगन तिथे आहे, मर्सिडीज-बेंझ तिथे आहे, आणि त्यांच्या भोवती सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुण पाठवायचे ठरलं. आपल्या नर्सला नर्सिंग येतं, इलेक्ट्रिशियनला वायरिंग येतं, ड्रायव्हरला गाडी येते. अडतं ते जर्मनपाशी. हात तयार आहेत, जीभ तयार नाही. ती तयार करायला शिक्षक लागतात, आणि जर्मनचा शिक्षक बीबीएच्या वर्गातून निघत नाही. तो तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला जे करायचंय, तेच करून निघतो.

बरं, ज्या बीबीएसाठी एवढा आग्रह चाललाय, त्याची अवस्था काय? २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. तेव्हा अनेक कॉलेजांनी काय केलं? पाटी बदलली. बीएमएसचं 'बीकॉम इन मॅनेजमेंट स्टडीज' झालं आणि सीईटी टळली. एका उन्हाळ्यात ज्या पदवीचं बारसं पुन्हा करता येतं, तिच्यासाठी मुलीचा कान बंद करायचा, हे मला पटत नाही.

कॉमर्सशी माझं भांडण नाही. मुंबईचं सिडनहॅम १९१३ पासून आहे, पुण्याचं बीएमसीसी १९४३ पासून. ताळेबंद वाचताना ज्याचे डोळे चमकतात, त्यानं बीकॉम करावं, सीएची आर्टिकलशिप करावी, छातीठोकपणे करावी. तीही विद्याच आहे. माझं भांडण आहे ते, काय करायचं सुचत नाही म्हणून 'मॅनेजमेंट' घेण्याशी. अठराव्या वर्षी कुणाचं आणि कशाचं व्यवस्थापन करायला शिकवतात, हे एकदा त्या पोरांनाच विचारून पाहा.

आणि आईबापांना कुणी मोठ्यानं न सांगितलेली गोष्ट अशी की, एमबीएला बीबीए लागतच नाही. आयआयएमच्या कॅटला कोणतीही पदवी चालते. गुण पन्नास टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना पंचेचाळीस. राज्याच्या एमबीए सीईटीलाही कोणत्याही शाखेचा पदवीधर बसतो. म्हणजे जर्मन, जपानी, मराठी, संस्कृत घेतलेल्या मुलासाठी धंद्याचा दरवाजा पुढेही उघडाच असतो. उलटा रस्ता मात्र खडा चढ आहे. जपानी लिपीतली नित्य वापराची म्हणून ठरवलेली कांजी चिन्हंच २,१३६ आहेत. ती वर्षानुवर्षं रोज लिहून हातात बसवावी लागतात. दोन मुलं, घराचा हप्ता आणि सोमवारची मीटिंग सांभाळून पस्तिसाव्या वर्षी हे करून पाहिलेली माणसं मला ठाऊक आहेत. बहुतेकांनी अर्ध्यावर सोडलं. ज्याला वेळ लागतो ते आधी करावं, एवढा साधा हिशेब आहे, आणि तो खरं तर कॉमर्सवाल्यांना आधी कळायला हवा.

आता भाषावाल्यांनाही दोन शब्द, आणि तेही गोड नाहीत. नुसत्या पदवीनं काही होत नाही. बीए झाल्यावर कुणी फोनवर जर्मन बोलू लागला आणि तुमची दातखीळ बसली, तर चूक समाजाची नाही. जर्मनला बी टू, सी वन अशा परीक्षेच्या पायऱ्या असतात, जपानीला एन फाइव्हपासून एन वनपर्यंत. कुठल्या पायरीवर उभे आहात, ते सांगता आलं पाहिजे. गुणपत्रिकेपेक्षा ते आधी विचारलं जातं. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. कॉलेजातलं शिकवणं अपुरं वाटलं तर तिथे विचारा, मॅक्सम्युलर भवनात विचारा. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरबरोबर मायनर विषय घेता येतो. भाषा मेजर ठेवून कॉमर्सचं काही मायनर मिळतं का, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजला स्पष्ट विचारा.

यंत्रं भाषांतर करतील, मग हे कशाला, असंही म्हणतात. करार चुकीचा भाषांतरित झाला तर सही यंत्र करत नाही.

मला खरं दुखतं ते वेगळंच. 'भाषेची पदवी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जर्मन येते, जपानी येते, फ्रेंच येते. मराठी येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, आपण पेढे वाटले, आणि पुढच्या जूनमध्ये मराठी घेऊन बीए करतो म्हणणाऱ्या मुलाला आपणच विचारलं, 'दुसरीकडे कुठे लागलं नाही का रे?' आपल्या जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी, उच्च न्यायालयाची इंग्रजी. सातबारा मराठीत, फिर्याद मराठीत, पंचनामा मराठीत. अपील मुंबईला गेलं की तो सगळा कागद इंग्रजीत न्यावा लागतो. 'वहिवाट', 'पोटखराबा', 'इसार' हे शब्द नीट नेणारा माणूस शोधायला वकील पायपीट करतात. पंचनाम्यातल्या एका प्रत्ययानं माणूस घरात होता की घराजवळ होता, हे ठरतं. प्रकाशकांना मुद्रितं वाचणारे मिळत नाहीत. माझ्या या डझनभर परिच्छेदांत ऱ्हस्व-दीर्घ तपासणारा माणूस निवृत्त झाला, तर त्याच्या जागी कोण येणार, याचं उत्तर संपादकांकडे नाही.

आणि हेही ऐकू येतं : 'मुलगी आहे ना, करू दे भाषा. मुलगा असता तर म्हटलं असतं बीबीए.' हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, तिथे भाषेचा आणि मुलीचा अपमान एकाच दमात होतो. मुलगा असो की मुलगी, कान तयार असेल तर तो कमाईचा आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. अर्जाची मुदत संपायच्या आत पोरीला जर्मन घेऊ द्या. तीन वर्षांनी तिला एमबीए करावंसं वाटलं, तर त्या परीक्षेला बसायला तिला तेव्हाही कुणी अडवणार नाही.