दूध नाय, चालंल?

कोऱ्या चहाला आपल्याकडे चहा म्हणत नाहीत, परिस्थिती म्हणतात. दूध नासलं, पोट बिघडलं, महिन्याची अखेर आली, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, यांतलं काहीतरी घडल्याखेरीज पांढरपेशा मराठी घरात चहा कोरा होत नाही. पाहुण्याला 'तुम्ही कोरा घेता का?' असं विचारतात तेसुद्धा 'तुम्ही इन्शुलिन घेता का?' या सुरात. पाहुणा हो म्हणाला की यजमानीणबाई हळहळतात, आणि बिस्किटं दोन जास्त ठेवतात.

कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्यांत हे सगळं उलटं आहे, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तिथेही चहा पुढे करताना 'दूध नाय, चालंल?' असं विचारतातच. फरक एवढाच, की उत्तरासाठी कोणी खोळंबत नाही. विचारेपर्यंत ग्लास हातात आलेला असतो.

'ठाकूरवाड्या' हे अनेकवचन मुद्दाम वापरलं. या दोन तालुक्यांत ठाकूरवाडी हे कुठल्या एका गावाचं नाव नाही. खाली गाव, वर डोंगराच्या सोंडेवर त्या गावाची ठाकूरवाडी, अशी ठाकर समाजाच्या वस्त्यांची इथली मांडणी. रेल्वेनेही एक ठाकूरवाडी आपल्या नावावर करून घेतली आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढताना पळसदरी, जामरुंग, मग ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल. तिथे केबिन आहे, सिग्नल आहे, सदतिसात एक असा चढ आहे. तिकीट मात्र मिळत नाही. तिकीट बाकीच्या ठाकूरवाड्यांचंही मिळत नाही, आणि त्यांचा चढ इंजिनाला कोणी सांगूच नये असा असतो. गाडीला कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. आपल्याला कोणी लागत नाही. त्यामुळे वर पोचल्यावर चहा दुधाचा की कोरा, हा वाद घालण्याइतका श्वास कोणाकडे उरत नाही.

दूध का नसतं, याचं उत्तर साधं आहे. बरेचदा दावणीला बैल असतात, अंगणात शेळ्या-कोंबड्या असतात, आणि चहाचं दूध पिशवीतून येतं. पिशवी खालच्या गावातल्या दुकानात. ती वर आणेपर्यंत एप्रिल-मेमध्ये तिचं निम्मं मन दही व्हायच्या बाजूला झुकलेलं असतं. चहाची भुकटी डब्यात महिनोन् महिने राहते, गूळ राहतो, साखरही राहते. दूध तेवढं माणसाला रोज डोंगर उतरायला लावतं. कपभर चहासाठी उतरायचं आणि पुन्हा चढायचं, तोवर दुसऱ्या चहाची वेळ झालेली.

यात गंमत अशी, की वाडीत जो चहा कोरा पितात तो कोरा पिण्यासाठी केलेलाच नाही. १९३० च्या सुमारास आसामातल्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर नावाच्या साहेबाने एक यंत्र सिद्ध केलं. दातेरी रुळांच्या मधून पान गेलं की चिरडतं, फाटतं आणि वळतं. बाहेर पडतात ते आपल्या ओळखीचे काळे गोल दाणे. हाच सीटीसी चहा. पान इतकं कुटलं जातं की त्याचा रस हवेशी लगेच गाठ घेतो, काळवंडतो, आणि पुढे उकळत्या पाण्यात पडला की रंग, कडकपणा, तुरटपणा सगळं एका दमात सोडून देतो. मनात ठेवायची सवय नाही. असा चहा भरपूर दूध पचवून वर आपला रंग दाखवतो, म्हणून तो आपल्याला मानवला. देशात वर्षाला सव्वाशे कोटी किलोहून जास्त चहा होतो, त्यातला बहुतेक याच जातीचा, आणि बहुतेक आपणच दुधात घालून संपवतो.

दुधातलं केसीन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, ती जिभेपर्यंत फारशी पोचू देत नाही. थोडक्यात, दूध हा चहाचा वकील आहे. तो उभा राहिला की कसलीही भुकटी निर्दोष सुटते. आलं आणि वेलची हे त्याचे ठरलेले साक्षीदार, आणि साखर तर न्यायाधीशालाच पोचलेली. वाडीत वकील परवडत नाही. भुकटीला आपली बाजू आपणच मांडावी लागते.

म्हणून माझं असं मत झालं आहे, की चहाची खरी पारख पेठांतल्या चहाबाजांपेक्षा या वाड्यांतल्या बायकांना जास्त. आपण चाखतो ते दूध आणि आलं. त्या चाखतात तो चहा. पावसाच्या तोंडाला शेवळं, मग कुर्डू, टाकळा, भारंगी, करटोली असं जे जंगलात उगवेल ते पाटीत घालून त्या कर्जत-नेरळच्या बाजारात येतात, आणि पाटी रिकामी झाली की सुकट, मीठ, साखर आणि चहाची पुडी घेऊन परततात. त्यातली एखादी वाण्याच्या दुकानात सुटी भुकटी घेताना बघावी. चिमूटभर तळहातावर घेते, अंगठ्याने चोळते, काड्या किती निघतात ते बघते, मग दोन थेंब गार पाणी टाकते. गार पाण्यात लगेच तांबडा रंग सुटला तर हात झटकून पुढच्या दुकानात. चांगली भुकटी थंड पाण्याला इतक्या चटकन दाद देत नाही. देते ती रंग दिलेली. सरकारी तपासनीस ओल्या टीपकागदावर करून दाखवतात ती हीच परीक्षा, फक्त त्यांच्याकडे कागद असतो.

मिश्रणाचंही असंच. पुण्या-मुंबईच्या जुन्या टी डेपोंत 'फॅमिली मिक्श्चर' आणि 'हॉटेल मिक्श्चर' असे दोन पंथ असायचे. पहिल्यात सुगंधाकडे कल, दुसऱ्यात डस्ट सढळ, म्हणजे पाण्याचा रंग लवकर फिरतो आणि गिऱ्हाईकही. घरोघरच्या गृहिणी 'पाऊण ममरी आणि पाव डस्ट' असलं गुप्त प्रमाण लेकीला सासरी जाताना सांगत. वाडीचं मिश्रण याहून उदार असतं. रविवारी डोंगर चढायला येणारे लोक उतरताना ओझं हलकं करतात. कोणी अर्धं सोडलेलं नामांकित पुडकं देतं, कोणी आलं-वेलचीवालं, कोणी दार्जिलिंगचं महागडं पाकीट, ज्याच्यावर 'उकळू नये' असं स्पष्ट छापलेलं असतं. हे सगळं वाण्याच्या भुकटीबरोबर एकाच डब्यात जातं. त्या डब्यात आसाम, निलगिरी आणि दार्जिलिंग एकमेकांची विचारपूस न करता नांदतात. चहाच्या मोठ्या कंपन्या पगारी माणसं ठेवतात ती दरवर्षी चव तीच राहावी म्हणून. इथे दर आठवड्याला चव बदलते आणि तक्रार कोणाची नसते.

आता कृती. जर्मनचा टोप, म्हणजे अॅल्युमिनियमचा, बाहेरून इतका काळा की आत पाहिल्याशिवाय तो भांडं आहे यावर विश्वास बसू नये. चुलीत बहुधा ऐनाचं किंवा किंजळाचं लाकूड. पाण्यात आधी गूळ. दुधाच्या चहात गूळ घातला की चहा फाटतो आणि घरात भांडण लागतं; दूधच नसल्यामुळे इथे गूळ निर्धास्त. मग परसातल्या गवती चहाची पात, गाठ मारून. सर्दी-पडसं असेल तर ठेचलेलं आलं. हे सगळं खळखळून उकळू द्यायचं, आणि भुकटी सगळ्यात शेवटी. भुकटी पडली की एक उकळी, टोप खाली, वर ताटली. आपण शहरात भुकटीला पाच-पाच उकळ्या देतो कारण पुढे दूध सांभाळून घेणार असतं. इथे तेवढ्या दिल्या तर जीभ टाळ्याला चिकटेल. ताटलीखाली चहा किती वेळ ठेवायचा याचं माप घड्याळात नाही. ग्लास विसळून, ओटीवर कोण कोण बसलंय ते मोजून, एखाद्या पोराला दटावून होईपर्यंत.

इंग्रजांनी मात्र याचं माप ठरवून ठेवलं आहे. ब्रिटिश स्टँडर्ड ६००८ नावाचं त्यांचं सहा पानी मानक आहे: शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, चिनी मातीचं भांडं, सहा मिनिटं. हे चहा चाखणाऱ्यांच्या सोयीसाठी होतं, पण जगाला हसू आवरलं नाही आणि १९९९ मध्ये त्याला साहित्याचं इग नोबेल मिळालं. माझ्या मते त्या सहा पानांत खरी उणीव धुराची आहे. चुलीवरच्या चहात लाकडाचा धूर उतरतो. चीनच्या फूच्येन प्रांतात पाइनच्या धुरावर चहा मुद्दाम वाळवतात, त्याला लापसांग सूचोंग म्हणतात, आणि मोठ्या शहरांत त्याच्या छोट्या डब्याला लोक चांगले पैसे मोजतात. कर्जतला धूर चहाबरोबर फुकट. डोळ्यांतून पाणी येतं, तेवढीच किंमत.

डोंगर चढणाऱ्या आमच्या टोळीतले एक वैद्य मित्र या सगळ्याचा निकाल आयुर्वेदाने लावतात. द्रव्य पाण्यात उकळून चौथाई उरवलं की तो क्वाथ, म्हणजे काढा. गरम पाण्यात टाकून नुसतं झाकून ठेवलं की फांट. गार पाण्यात रात्रभर भिजवलं की हिम. साहेब पितो तो फांट, इराण्याच्या हॉटेलात मिळतो तो क्वाथ, आणि काचेच्या बाटलीत कोल्ड ब्रू म्हणून विकतात तो हिम. ठाकूरवाडीचा चहा कशात बसतो, असं विचारलं तर ते म्हणाले, गवती चहापुरता क्वाथ आणि भुकटीपुरता फांट. एवढं शास्त्र सांगून त्यांनी तीन ग्लास रिचवले. रोग्यांना ते देतात त्या कुपथ्याच्या यादीत चहा पहिला आहे.

चाखण्याबद्दलही आपले गैरसमज फार. लहानपणी बशीतून भुरका मारला की पाठीत धपाटा बसायचा. कोलकात्याच्या लिलावाआधी, जिथे १८६१ पासून चहाचे लिलाव चालतात, परीक्षक लोक रांगेने मांडलेल्या वाट्यांवरून चमचा-चमचा चहा असाच जोरात ओढतात, आवाज करून. हवेबरोबर रस तोंडभर उडाला की चव आणि वास दोन्ही एकदम कळतात. मग तो गिळत नाहीत, थुंकून टाकतात. दिवसाला शेकडो वाट्या चाखायच्या तर गिळून कसं भागेल? वाडीतल्या म्हाताऱ्यांचा भुरका ऐकाल तर तो या परीक्षकांच्या तोडीचा असतो. थुंकण्याची चैन मात्र त्यांना जमत नाही.

हा मुद्दा १८९० मध्ये पुण्यात कोणाला सुचायला हवा होता. ख्रिस्ती लोकांच्या पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कोणी प्याले, कोणी शिष्टाचार म्हणून नुसता पेला ओठाला लावला. गोपाळराव जोशांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली, आणि टिळक-रानड्यांसकट सगळ्यांवर ग्रामण्य, म्हणजे धर्म बुडवल्याचा खटला आला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. 'आम्ही चहाचे परीक्षक म्हणून गेलो होतो, चाखला पण गिळला नाही' हा बचाव टिळकांसारख्या कायदा शिकलेल्या माणसालाही सुचू नये याचं नवल वाटतं. आज रविवारी ठाकराच्या ओटीवर मांडी घालून चहा पिणाऱ्यांत त्याच पेठांतली, त्याच आडनावांची पोरं असतात. प्रायश्चित्त म्हणून दुसरा ग्लास मागतात.

खालापूरच्या इर्शाळगडाला जाणाऱ्यांचा चहा अशाच एका ठाकूरवाडीत, इर्शाळवाडीत व्हायचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि वाडी गेली. वाचलेल्यांना सिडकोने चौक गावाजवळ पक्की घरं बांधून दिली, डांबरी रस्त्याच्या बाजूला. तिथून दुधाचं दुकान लांब नाही.

मागच्या थंडीत आमच्यातल्या एकाने दुसऱ्या एका वाडीत, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, सॅकमधून ग्रीन टीची पिशवी काढली आणि मावशींकडे नुसतं गरम पाणी मागितलं. त्यांनी दिलं. तो दोरा धरून पिशवी खालीवर करत बसला, तशा त्या चूल सोडून उंबऱ्यात येऊन बघत राहिल्या.

"ह्याला दोरा कशाला रं?"

"बाहेर काढायला, मावशी."

"मंग काय करायचं तिचं?"

"टाकून द्यायची."

मावशींनी ग्लासात डोकावून पाहिलं. पाणी जेमतेम पिवळं झालं होतं.

"आजून कायच उतारलं नाय की," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या हातातला ग्लास घेऊन पाणी, पिशवी, दोरा आणि दोऱ्याच्या टोकाची ती कागदी चिठ्ठी, सगळं टोपात ओतून टोप परत चुलीवर चढवला.