अकरा मोळे

किल्ली हातात देताना अव्वांनी एकच अट घातली, "मोळी होडीब्याड्री." अव्वा म्हणजे आमच्या घरमालकीण. वरच्या मजल्यावर राहतात, आणि विद्यानगरातली आमची अख्खी गल्ली त्यांना अव्वाच म्हणते. मी मिरजेची. मोळी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे डोक्यावर जळण घेऊन बाजाराला निघालेली बाई येते. "नाही हो, आमच्याकडे गॅस आहे," असं मी त्यांना अगदी मनापासून सांगितलं. अव्वा घटकाभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एका हाताच्या बोटाचा खिळा केला, दुसऱ्या हाताच्या मुठीचा हातोडा केला आणि भिंतीवर ठोकून दाखवला. तेव्हा कुठे उजेड पडला. आपण 'खिळेमोळे' म्हणतो, त्यातल्या मोळ्याने इकडे कानडीत स्वतंत्र बिऱ्हाड केलंय, हे मला पन्नाशीत कळलं.

ह्यांची बदली हुबळीला झाली. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि टेम्पो यांनी आपापला घास घेतल्यावर घर लावायला बारा हजार उरले. आणि घर लावायचं म्हणजे भिंतीवर काहीबाही टांगायचं, अशी माझी आयुष्यभराची समजूत. मोळाबंदी झाल्यावर मी आधीच्या भाडेकरूंची इस्टेट मोजायला घेतली. अकरा खिळे निघाले. स्वयंपाकघरातला कॅलेंडरचा, दाराशी किल्लीचा, निजायच्या खोलीत मच्छरदाणीचे चार. बाकीचे कशाचे असावेत याचा साधारण अंदाज आला. अकरावा मात्र स्वयंपाकघराच्या चौकटीलगत, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर. "शेळी बांधत असतील," हे म्हणाले. दुसऱ्या मजल्यावर? पण ह्यांचे अंदाज असेच असतात. मी त्यावर केरसुणी टांगली.

भिंतीला इजा न करणारे चिकटवायचे हूक मिळतात, असं कुणीतरी सांगितलं. आणले. जुलैची ओल भिंतीत मुरलेली. त्यातल्या एकावर मी माहेराहून आलेली विठोबाची तसबीर लावली. दुसऱ्या रात्री दोन वाजता धाडकन आवाज झाला. अठ्ठावीस युगं विटेवर उभा राहिलेला देव प्लास्टिकच्या हुकावर दोन रात्रीही टिकला नाही. काच वाचली, हे त्याचंच कर्तृत्व. संत त्याला कानडा म्हणत आले आहेत, म्हणजे पाहुणे आम्ही, तो घरचाच. सकाळी ह्यांनी शेजारच्या बांधकामावरून एक वीट मागून आणली, कोनाड्यात ठेवली आणि देवाला तिच्यावर उभं केलं. अजून हललेला नाही.

त्या एका विटेने आमचं डोकं चालायला लागलं. मुकादमाकडून आणखी तीस विटा विकत घेतल्या, वखारीतून तीन फळ्या. दोन बाजूंना विटांचे थर, वर फळी, पुन्हा विटा, पुन्हा फळी. विटांना गेरू लावला. पुस्तकं बसली, लोणच्याच्या बरण्या बसल्या, ह्यांचा रेडिओ बसला. दुकानातल्या कपाटाचा भाव ऐकून आलेली मी त्या मांडणीपुढे रोज संध्याकाळी दोन मिनिटं उभी राहायची. ह्यांचे ऑफिसातले एक जण चहाला आले, मांडणीकडे बघून म्हणाले, "काम अजून चाललंय वाटतं?" त्यांना चहात साखर कमी पडली असेल तर तो योगायोग समजावा.

खरेदीला दुर्गदबैलला जाताना भाषेची धास्ती होती, ती फुकट गेली. कानडीतही खुर्ची ती खुर्चीच, कपाट ते कपाटच, आणि या भागात गादीलासुद्धा गादीच म्हणतात. अडले फक्त उशीपाशी. तिला तलेदिंबू म्हणतात, हे समजेपर्यंत मी दुकानात मान तिरकी करून झोपून दाखवलं होतं.

पडद्यांचे रॉड आधीचेच होते. कापड बेंगेरीहून आणलं, तिथल्या खादी संघातून. 1957 साली सुरू झालेली ही संस्था खादीचा राष्ट्रध्वज बनवते. ध्वज म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन, आणि त्यात सुताचाही फरक चालत नाही. अशा ठिकाणी जाऊन "खिडकी साधारण एवढी आहे" असं हात फाकवून सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं. घरी पडदे लावले तेव्हा हे उगाचच ताठ उभे होते. पडदे चार बोटं आखूड झालेत. ह्यांचं माप.

पाणी सौंदत्तीकडून, मलप्रभेच्या धरणातून येतं. म्हणजे यल्लम्माच्या दारातूनच. देवीसारखंच तेही रोज दर्शन देत नाही, म्हणून एक निळा ड्रम घ्यावा लागला. त्यावर फळी आणि फळीवर अव्वांनी दिलेली जुन्या साड्यांची कौदी, म्हणजे आपली वाकळ. त्याच्यावर फुलदाणी. पाणी आलं की फुलदाणीला उठावं लागतं.

एकट्या तंबोऱ्याला काही करावं लागलं नाही. तो मिरजेतच घडलेला, आईचा. कोपऱ्यात उभा केला आणि तो कोपरा भरला. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व इथल्या कुंदगोळचे, आणि त्यांच्याकडे शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने जायच्या. तंबोऱ्याला बदली झाल्यासारखं वाटायचं कारणच नाही.

गणपतीच्या सुमारास अव्वा प्रथमच आत आल्या. विटांची मांडणी बघून हसल्या, कौदीवरून हात फिरवला. मग स्वयंपाकघराच्या चौकटीशी थबकल्या. केरसुणी बाजूला सारून त्या खिळ्याला बोट लावून म्हणाल्या, हा माझा. लग्नानंतर त्या याच घरात राहत होत्या. बाहेरच्या खोलीत छताच्या कडीला पाळणा, पाळण्याची दोरी या मोळ्याला, आणि भाकरी थापता थापता पायाने झोका. तीन मुलं झोपवली. धाकटा आता बेंगळूरला असतो.

केरसुणी आता दाराआड उभी असते.