तहान कोणत्या सालची?

तहान ही मुळातच बेशिस्त गोष्ट. कागदपत्रे न तपासता कुणालाही लागते. मुंबईसारख्या शहरात हे असे किती दिवस चालणार? म्हणून 1996 साली राज्य सरकारने परिपत्रक काढून तिला वळण लावले: 1 जानेवारी 1995 नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पाणी द्यायचे नाही. म्हणजे 1994 च्या दिवाळीत पत्रा ठोकला असेल तर घसा सरकारमान्य, 1995 च्या दिवाळीत ठोकला असेल तर घसा अनधिकृत. पुढे 2014 च्या निवडणुकांच्या सुमारास झोपड्यांच्या संरक्षणाची तारीख सरकून 2000 वर आली आणि पाच वर्षांच्या तहानेचे एकदम नियमितीकरण झाले. इतर गावांत लोक पावसाची वाट पाहतात, आमच्याकडे निवडणुकीची.

या सुरळीत कारभारात उच्च न्यायालयाने मध्येच खोडा घातला. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर 2014 मध्ये न्यायालय म्हणाले, घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात पाणीही येते. घर बेकायदा आहे म्हणून त्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. महापालिकेने धोरण आखावे. महापालिकेने न्यायालयाचा पूर्ण मान राखला आणि अजिबात घाई केली नाही. घाईघाईने पाणी प्यायले की ठसका लागतो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. सात वर्षे उलटल्यावर, 1 मे 2022 रोजी, महाराष्ट्रदिनाचा मुहूर्त साधून ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण लागू झाले. आता कुणी म्हणेल, धोरण आले पण नळ कुठे आहे? अशा उतावळ्या लोकांमुळेच देश मागे राहतो.

शिवाय पाणी कमी आहे असेही नाही. भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणेची आणखी दोन धरणे, विहार आणि तुळशी मिळून या शहराला रोज साडेतीनशे कोटी लिटरहून अधिक पाणी देतात. फक्त वाटणी शास्त्रोक्त आहे. इमारतीत राहणाऱ्या माणसाला दिवसाला 135 लिटर, झोपडपट्टीतल्या माणसाला 45. वस्तीतल्या माणसाचे शरीर इमारतवाल्याच्या एक तृतीयांश असते, असे या हिशेबावरून दिसते. आम्ही स्वतः इमारतीत राहतो, त्यामुळे या शास्त्रावर आमचा विश्वास आहे. आमच्या जुन्या फ्लशची साखळी एकदा ओढली की दहाएक लिटर जातात. म्हणजे आमच्या घरातले चार जण सकाळी एकेकदा मोकळे झाले की वस्तीतल्या एका माणसाची आंघोळ, धुणे, स्वयंपाक आणि पिण्याचे पाणी असा जवळपास सगळा दिवस आम्ही गटारात सोडलेला असतो. तोही चहाच्या आधी.

गरिबाला पाणी परवडत नाही, असा एक गैरसमज आहे. तो दूर करायला मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कौला बंदर वस्तीत जावे. जमीन मुंबई बंदराची, म्हणजे केंद्राची, म्हणून वस्ती अधिसूचित नाही, म्हणून नळ नाही. लोक मोटारी आणि लांबच लांब पाइप लावणाऱ्यांकडून पाणी विकत घेतात. संशोधकांनी तिथल्या दरांचा हिशेब मांडला, तर ते महापालिकेच्या दराच्या पन्नास पटींहूनही जास्त निघाले. बघा! आमच्या बिलात हजार लिटरमागे चार-आठ आणे वाढले की आम्ही वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो. हे लोक पन्नास पट मोजतात आणि वर हंडा डोक्यावर घेऊन स्वतःच घरपोच करतात. असा गुणी ग्राहक दुसऱ्या कोणत्या धंद्यात मिळेल? त्यांना नळ दिला तर मोटारवाला, कॅनवाला आणि टँकरवाला यांच्या पोटावर पाय येईल. गरिबांचा विचार करायचा तो सर्व बाजूंनी करावा लागतो.

जे पाण्याचे, तेच शौचालयाचे. स्वच्छ भारत अभियानाच्या नियमाप्रमाणे सामुदायिक शौचालयात 35 पुरुषांमागे किंवा 25 बायकांमागे एक भांडे हवे. हे फार लाडावणे झाले. रांगेत उभे राहिल्याशिवाय शेजारधर्म वाढणार कसा? सुदैवाने भांडी मोजण्यापेक्षा माणसे मोजणे सोपे असते. शहर हागणदारीमुक्त ठरायला दिवसाच्या कोणत्याही वेळी एकही माणूस उघड्यावर बसलेला आढळू नये, एवढीच अट होती. सगळा जोर ‘आढळू नये’ वर. मग उघड्यावर बसणाऱ्यांना हटकणारी गुड मॉर्निंग पथके शिट्ट्या आणि टॉर्च घेऊन पहाटे निघाली. बायका तर पिढ्यान्‌पिढ्या उजाडण्याआधी जाऊन येतात, त्यामुळे त्यांनी ही अट योजनेच्या कितीतरी आधीपासून पाळली होती. ऑक्टोबर 2017 मध्ये महाराष्ट्राचा सगळा शहरी भाग हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मानखुर्दला सार्वजनिक शौचालय खचले, माणसे खालच्या मैल्याच्या टाकीत पडली आणि मेली. ती काही उघड्यावर गेली नव्हती. त्यांनी सरकारचे ऐकले होते.

बायकांचा प्रश्न निघालाच आहे, तर तोही मिटवून टाकू. मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, याविरुद्ध 2011 मध्ये ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली. आमच्या मते यातही बायकांचाच फायदा होता. पैसे वाचवायला त्या दिवसभर पाणी पीत नसत. म्हणजे एकाच वेळी पाण्याचीही बचत आणि शौचालयाचीही. पुढे मूत्रमार्गाचा संसर्ग होतो म्हणतात, पण तो आरोग्य खात्याचा विषय. खात्याखात्यांत ढवळाढवळ नको.

आता आमच्या सोसायटीची ताजी बातमी. मागच्या वस्तीला नवी जलवाहिनी द्यायचे ठरले असून ती आमच्या गल्लीतून जाणार आहे. परवाच्या सभेत आम्ही एकमताने हरकत घेतली. खोदकामामुळे गाड्या लावायची पंचाईत होईल आणि आमचा दाब कमी होईल. दुसरा ठराव मावशींबद्दल होता. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी वस्तीत राहतात. चावीवाला पाणी उशिरा सोडतो तेव्हा त्या उशिरा येतात. तेव्हा त्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापावा, हेही एकमताने मंजूर झाले. सेक्रेटरी मात्र उदार मनाचे. ते म्हणाले, आपण वस्तीच्या पाण्याच्या विरोधात आहोत असा कुणी समज करून घेऊ नये. आपल्या 135 लिटरांपैकी निम्मे तरी मावशींच्याच हातून जातात. आणखी किती पाणी हवे आहे त्यांना?