जहाल, मवाळ आणि सिंथेसायझर

सुरतेशी मराठी माणसाचं एक नातं लुटीचं, 1664 चं आणि पुन्हा 1670 चं. दुसरं भांडणाचं. डिसेंबर 1907 मध्ये इथल्या काँग्रेस अधिवेशनात टिळक व्यासपीठावर बोलायला उभे राहिले, मंडपात गोंधळ माजला आणि कुठून तरी एक जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि पुढे फिरोजशहा मेहतांपर्यंत पोचला. त्या दिवशी काँग्रेसमधले जहाल आणि मवाळ वेगळे झाले. पुढे यथावकाश ते एकत्रही आले. उधन्याला राहणारे माझे साडू मात्र अजून जहालच आहेत. फक्त त्यांचा वाद स्वराज्याचा नसून क्वीन नावाच्या इंग्रजी बँडचा आहे.

साडू मूळचे अमळनेरकडचे. उभं आयुष्य कापडाच्या धंद्यात हिशेब लिहिण्यात गेलं. घरात भजन आणि अहिराणी गाणी, आणि कपाटात क्वीनच्या तबकड्या. या आवडीला त्यांच्याकडे शेजारधर्माचं कारण आहे. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म 1946 चा, झांझिबारचा, पण पारशी घराणं बलसारचं, म्हणजे आताच्या वलसाडचं. सुरतेहून गाडीनं तासाभरात येतं ते. शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. ‘‘आडनाव गुजरातचं, शिक्षण महाराष्ट्राचं. मग सुरतेतल्या मराठी माणसाचा त्याच्यावर पहिला हक्क की नाही?’’ हा त्यांचा युक्तिवाद. लंडनकरांना यात साडू कुठेच धरत नाहीत.

हा हक्क 1980 नंतरच्या क्वीनवर मात्र त्यांनी सोडून दिलाय. एखाद्या चुलत्यानं वडिलोपार्जित जमीन विकली की त्याचं नाव घरात घेत नाहीत, तसं ‘हॉट स्पेस’चं नाव त्यांच्या घरात घेत नाहीत.

हा 1982 चा अल्बम. सत्तरच्या दशकात क्वीनवाले आपल्या अल्बमच्या वेष्टणावर अभिमानानं छापत, की यात सिंथेसायझर नाही. साडू ते वेष्टण मला बाहेर काढून दाखवतात, ओळीखाली बोट फिरवत, पोथीतला श्लोक दाखवावा तसं. तबकडीला हात लागू नये म्हणून वेष्टणाच्या आत वर्तमानपत्राचा कागद. 1980 च्या ‘द गेम’मध्ये सिंथेसायझर आलाच. त्याच अल्बममधलं, बेसवाल्या जॉन डीकननं रचलेलं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकदा नाचणाऱ्यांचा पैसा दिसल्यावर कोण थांबतं? ‘हॉट स्पेस’ची एक अख्खी बाजू नाचण्यासाठीच. ब्रायन मेनं वडिलांच्या मदतीनं, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून घरी बनवलेली ती प्रसिद्ध गिटार, आणि तिला या अल्बममध्ये बराच वेळ काम नाही! साडूंचा खरा राग इथे आहे. घरचं लाकूड बसून राहिलं आणि यंत्र कमावतं झालं, हे कापडधंद्यात जन्म काढलेल्या माणसाला जास्त लागत असावं.

रागाच्या बाबतीत ते एकटे नव्हते. 1980 मध्ये फ्रेडीनं केस कापून मिशी ठेवली, तेव्हा अमेरिकेतल्या चाहत्यांनी रंगमंचावर दाढीची पाती फेकली होती म्हणे. सुरतेत जोडा, तिकडे पातं. जहालांची परंपरा सगळीकडे एकच. 1982 नंतर फ्रेडी असेपर्यंत क्वीननं अमेरिकेचा दौरा पुन्हा केला नाही.

मला स्वतःला हे शुद्धतेचं प्रकरण झेपत नाही. जो ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ साडू शुद्ध रॉकचा दाखला म्हणून देतात, त्या 1975 च्या गाण्यात मधोमध ऑपेरा घुसवलेला आहे. आणि पाचगणीच्या शाळेत फ्रेडीनं पोरांना घेऊन जो पहिला बँड काढला, ‘द हेक्टिक्स’, तो त्या काळची लोकप्रिय गाणीच वाजवायचा. म्हणजे चढण सुरू झाली तीच बाजारपेठेतून. आपल्याकडेही बघा. भास्करबुवा बखल्यांसारख्या ख्यालगायकानं 1916 मध्ये ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली दिल्या. राग तिकीटबारीवर आणला म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही असणारच. आज तीच पदं कुणी की-बोर्डवर वाजवली, की आपण नाकं मुरडतो.

भाची, म्हणजे साडूंची मुलगी, मवाळ पक्षाची. तिनं एकदा फोनवर 13 जुलै 1985 च्या लाइव्ह एड मैफलीतलं क्वीनचं गाणं लावलं. वेम्ब्लीचं मैदान, सत्तर हजारांवर माणसं, आणि ती सगळी दोन्ही हात वर करून एका तालात टाळ्या वाजवताहेत. साडू पुढे सरकून बघत होते. ‘‘याला म्हणतात बँड!’’ भाची हळूच म्हणाली, ‘‘पप्पा, हे ‘रेडिओ गा गा’ आहे. 1984 चं. सगळं सिंथेसायझरवर.’’ साडूंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, टाळ्या तर हातानंच वाजवल्या ना!

त्या संध्याकाळी आम्ही लोचो खायला गेलो. सुरतेबाहेरच्यांना सांगायला हवं, की लोचो म्हणजे नीट न जमलेला खमण. एके काळी कुणाचा तरी घाणा बिघडला, खमण धरलाच नाही आणि लोकांना तोच आवडला, असं इथे सांगतात. आता त्यावर चीज येतं, शेजवान येतं, गाडीवरच्या पाटीवर नावांची रांग वाढतच असते. गाडीवाला वाफेच्या डब्यातून उलथन्यानं पिवळाजर्द लगदा खरवडून कागदी ताटलीत थापत होता, वर शेव, कांदा, मसाला. भाचीनं चीज लोचो सांगितला. साडूंचा चेहरा एकदम 1982 झाला. या पोरांना मूळ चवच ठाऊक नाही, चीजखाली काय पुरतात देव जाणे, असं बरंच काही बोलून झाल्यावर त्यांनी आपली ऑर्डर दिली, ‘‘एक सादो. उपरथी बटर.’’

‘‘पप्पा, मूळच्या लोचोत बटर होतं का हो? तेल असायचं ना?’’

साडूंनी गाडीवाल्याकडे बघितलं. तो बटरचा चमचा हातात धरून थांबलेला.

‘‘बटर चालतं,’’ साडू म्हणाले. ‘‘घाल रे. जरा जास्त घाल.’’