काटा शून्यावर, पोरं पास

फेब्रुवारी तोंडावर आला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या बारावीच्या पोरांना प्रयोगशाळा कुठल्या मजल्यावर आहे याची चौकशी करावी लागते. लेखी ७०, प्रॅक्टिकल ३०. त्यातले ७० बोर्डाचे आणि ३० घरचे, अशी पालकांची समजूत. म्हणून विजेच्या प्रयोगांची तयारी कशी करावी, हे सांगण्याची जबाबदारी या सदरावर आली आहे.

पहिलं साहित्य पॉलिश पेपर. मुंबईच्या पोराला फक्त दिलेल्या तारेचा रेझिस्टन्स मोजायचा असतो. आपल्याकडे खाऱ्या हवेनं पितळी टर्मिनलवर हिरवा कळंक चढलेला असतो, तोही मोजला जातो. मग मीटर ब्रिजवरचं उत्तर भलतंच येतं, आणि पोरगं नाइलाजानं गेल्या वर्षीच्या जर्नलकडे वळतं. तिथे उत्तर तयार असतं. निरीक्षणं त्यावरून मागे मागे काढत न्यायची. अख्ख्या बॅचचा शून्यबिंदू ५२.३ सेंटिमीटरवर येतो. इतकी अचूकता जर्मनीत जॉर्ज ओमलाही साधली नव्हती.

गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला की प्रयोग जमला, असं पुस्तक सांगतं. तो दोन कारणांनी येतो. एक, ब्रिजच्या चारही रोधांचं गुणोत्तर जुळलं. दोन, लाइट गेली. बॅटरी एलिमिनेटर भिंतीतल्या प्लगवर चालतो, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर दुसरं कारण आधी तपासावं. एक मात्र आहे, लाइट गेल्यावर मिळणारा शून्यबिंदू फार स्थिर असतो. जॉकी तारेवर कुठेही टेकवा.

आता एक खरी गोष्ट, कारण एक्स्टर्नल जागा असला तर हेच विचारतो. रीडिंग घेण्याआधी जॉकी तारेच्या दोन्ही टोकांना टेकवून पाहा. काटा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेला पाहिजे. दोन्ही वेळा एकाच बाजूला पळाला तर एखादं कनेक्शन सुटलंय किंवा रेझिस्टन्स बॉक्सची चावी ढिली आहे. जॉकी तारेवरून घासत नेऊ नका. तार झिजून जाडी बदलली की सेंटिमीटरचा सगळा हिशेब कोसळतो. एवढं आलं तर वीज समजली म्हणायची. याला वेगळे गुण नाहीत.

पोटेन्शिओमीटरनं सेलचा अंतर्गत रोध काढायला सांगितला तर रायगडकरानं घाबरू नये. टाटांनी १९१५ साली खोपोलीत, १९२२ साली भिवपुरीत आणि १९२७ साली भिऱ्याला घाटावरचं पाणी खाली सोडून वीज केली, आणि ती गेली मुंबईला. उगम आपल्या जिल्ह्यात, दिवे खाडीपलीकडे. मधे जे काही राहिलं तोच अंतर्गत रोध. ओपन सर्किट तर शिकवायलाच नको. ३ जून २०२०ला निसर्ग वादळानं खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावांनी त्याचं प्रात्यक्षिक आठवडेच्या आठवडे पाहिलं.

आणि ‘अलिबागवरून आलायस का?’ असं कोणी हिणवलं तर त्याला सांगा, मुंबईची चुंबकसुई स्वतःच्या पायानं अलिबागला आली. कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. मग शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परततो, त्यानं सुया बिथरणार. संचालक नानाभॉय मूस यांनी दूरची, विजेचा वाराही न लागलेली जागा शोधली: अलिबाग! १९०४ साली इथे अचुंबकीय सामानाची वेधशाळा उभी राहिली, दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेऊन ताळा जुळवला, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम सुटली. वीज नसणं ही अलिबागची शास्त्रीय पात्रता होती. ती अधूनमधून टिकवण्यासाठी आजही कोणीतरी मनापासून झटत असावं.

ही वेधशाळा अजून चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या ताब्यात. तिथे सुईची बारीकशी हालचालही सव्वाशे वर्षांच्या नोंदींशी ताडून बघतात. कॉलेजनं पोरांची सहल मात्र तिकडे नेऊ नये. जर्नलच्या अनुक्रमणिकेत ती नाही, आणि तिथली रीडिंग आदल्या रात्री लिहून ठेवता येत नाहीत.