नरो वा लुईझियाना वा

२०२१ चा अख्खा नोव्हेंबर मी विमानं बघण्यात घालवला. घरात बसून, फोनवर.

आमचं नॉर्मन हे ओक्लाहोमा राज्यातलं सव्वा लाख वस्तीचं गाव आणि विद्यापीठाचं स्टेडियम ऐंशी हजारांच्या वरचं. (खेळाचं नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचं. यावर वाद घालणं मी केव्हाच सोडलं.) अशा गावात फुटबॉलचा प्रशिक्षक कुलगुरूंपेक्षा मोठा, पगारानं तर नक्कीच. आमचे प्रशिक्षक लिंकन रायली लुईझियाना स्टेट विद्यापीठात जाणार, अशी कुजबुज होती. तिथली खुर्ची हंगामाअखेर रिकामी होणार हे ऑक्टोबरातच जाहीर झालं होतं.

मग खुणा शोधणं आलं. प्रशिक्षकानं घर विकायला काढलं का? कुठल्या गावचं खासगी विमान इकडे उतरलं? मी विमानांचा माग दाखवणारं अ‍ॅप घेतलं. एका संध्याकाळी आमच्या वेस्टहायमर विमानतळावर एक छोटं विमान तासभर घिरट्या घालताना दिसलं. टेकतंय, पुन्हा उडतंय. वाटाघाटी फिसकटतायत, असं मी तिघा मित्रांना फोन करून कळवलं. ते विमान आमच्याच विद्यापीठातल्या वैमानिकी शिकणाऱ्या पोराचं होतं. पोरगा उतरण्याचा सराव करत होता.

पुण्याचे मित्र हसले. पुढं २०२२ च्या जूनमध्ये बंडखोर आमदारांची सुरत-गुवाहाटीची विमानं मोजायची वेळ आली, तेव्हा त्यांनीच अ‍ॅपचं नाव विचारलं.

८ नोव्हेंबरला अमेरिकेनं लस घेतलेल्या पाहुण्यांना दार उघडलं आणि आई साताऱ्याहून आली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. बदल्यांमधलं मात्र सगळं कळतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते.

"जाणार नाही, असं म्हणाला का तो?" तिनं विचारलं.

"अजून नाही."

"मग अजून ठरलं नसेल. ठरलं की म्हणेल."

तिला निक सेबन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मायामीच्या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक असताना, २००६ च्या डिसेंबरात, आपण अलाबामाचे प्रशिक्षक होणार नाही असं त्यांनी ठणकावून सांगितलं. ३ जानेवारी २००७ ला ते अलाबामाचे झाले.

२७ नोव्हेंबरला स्टिलवॉटरच्या शेजारी संघानं आम्हाला ३७-३३ असं हरवलं. सामना संपल्यावर रायलींना तोच प्रश्न गेला. लुईझियाना स्टेटचा पुढचा प्रशिक्षक मी नाही, असं ते स्वच्छ बोलले. हरल्याचं दुःख विसरून मी टाळ्या वाजवल्या.

आई शेंगा सोलत होती. "तिथं जात नाही म्हणाला. इथं राहतो म्हणाला का?"

म्हाताऱ्या माणसांना संशयच फार, असं मनात म्हणून मी महिन्यात पहिल्यांदा निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी रायली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. शब्दात खोट काढायला जागा नाही. 'नरो वा कुंजरो वा' पुटपुटल्याबद्दल धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला होता. यांचं विमान व्यवस्थित उडालं. आणि नेमकं तेच मी पाहिलं नाही.

५ डिसेंबरच्या रात्री नवे प्रशिक्षक ब्रेंट वेनेबल्स त्याच वेस्टहायमरवर उतरले. स्वागताला हजारो माणसं लोटली होती. आई कानटोपी घालून माझ्या शेजारी उभी.

"हा किती वर्षांच्या करारावर आलाय?"

"सहा."

"आधीच्याचाही होता ना करार?"

"होता."

ती थोडा वेळ त्या विमानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नंबर टिपून ठेव."

टिपलाय. कुणाला हवा असेल तर मागा.